फुटलं नाही, ते मुरलं

लक्ष्मीपूजनाची रात्र सरली की दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगावातल्या आमच्या चाळीत पोरांची वेगळीच लगबग असायची. मोठी माणसं पाडव्याच्या तयारीत असायची आणि आम्ही अंगणातल्या लाल कागदाच्या कचऱ्यात बसून न फुटलेले फटाके वेचायचो. वात जळून गेलेली, पण पोट भरलेलं, असे लवंगी आणि लक्ष्मीबार. ते मधोमध मोडायचे, आतली चंदेरी-करडी दारू जुन्या वर्तमानपत्रावर झटकायची आणि लांबून काडी टाकायची. भस्सकन जाळ व्हायचा, पांढरा धूर निघायचा. बोटं भाजायची, कधी भुवयाही. आज माझ्यासमोर कुणी पोर असं करायला लागलं तर मी त्याचा हात धरीन. पण त्या कचऱ्यात बसून एक गोष्ट मला फार लवकर कळली होती. जो फटाका खणखणीत वाजला, त्याच्यात दारूचा कणही सापडत नाही. दारू सापडते ती फुसक्यात.

पुढे तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. स्फोटकांचं माती-पाण्यात काय होतं, याबद्दल वाचायला लागले तेव्हा अंगणातला तोच धडा मोठ्या आकड्यांत पुन्हा भेटला. माणसाला भीती वाटते ती आवाजाची, उडणाऱ्या काचांची. विहिरीला धोका असतो तो आवाजच न झालेल्या मालाचा. तो माल गप पडून राहतो, पावसाची वाट बघतो, आणि मग मुरतो.

मुंबईत स्फोट म्हटलं की जुन्या माणसांच्या तोंडी एकच तारीख येते, १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्याच जहाजात कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या लगडी. दुपारी कापूस धुमसायला लागला आणि चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. माझी आजी तेव्हा माझगावात राहायची. ती सांगायची, चहाचं आधण ठेवलं होतं, भांडं चुलीवरून उडून भिंतीवर आदळलं, आणि मग आभाळातून जळता कापूस पडायला लागला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. त्यांच्या आठवणीत आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. ढिगारा उपसायला हजारो माणसं कित्येक महिने राबली. सोन्याच्या लगडी तर त्यानंतर अनेक दशकं गोदीच्या गाळातून निघत राहिल्या.

आजीच्या गोष्टीत एक प्रश्न मला लहानपणी कधी पडला नाही, नंतर मात्र सुटला नाही. एवढं स्फोटक गेलं कुठे?

याचं उत्तर थोडं अनपेक्षित आहे. जे नीट फुटलं, ते जवळजवळ संपूर्ण गेलं. टीएनटी हे तोफगोळ्यांत भरायचं नेहमीचं स्फोटक घ्या. त्याचा रेणू कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन या चार मूलद्रव्यांचा. स्फोटाच्या क्षणी तो मोडतो आणि त्याच चार मूलद्रव्यांचे छोटे, साधे रेणू तयार होतात: नायट्रोजन वायू, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड. टीएनटीच्या रेणूत स्वतःचा सगळा कार्बन जाळण्याइतका ऑक्सिजन नसतो, म्हणून उरलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. टीएनटीच्या स्फोटाचा धूर काळा दिसतो तो त्यामुळे. पूर्ण फुटलेल्या तोफगोळ्यातलं स्फोटक इतकं साफ संपतं की बर्फावर सराव करून, काजळलेला बर्फ गोळा करून, वितळवून तपासलं तरी हाती अगदी नगण्य अंश लागतो.

पण गोळा अर्धवट फुटला तर? कवच फाटतं, आत तडाखा पुरेसा बसत नाही आणि स्फोटकाचे तुकडे आजूबाजूला विखुरतात. काही तुकडे सुपारीएवढे, काही रव्याएवढे. असा एक अर्धवट फुटलेला गोळा नीट फुटलेल्या हजारो गोळ्यांएवढा माल मागे ठेवतो. न फुटलेले गोळे तर आणखी वेगळे. ते मातीत घुसून बसतात, पत्रा गंजायला कित्येक वर्षं लागतात, आणि गंजून भोक पडलं की आतलं बाहेर झिरपायला लागतं.

किती झिरपलं म्हणजे जास्त, याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करू. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी टीएनटीची सुचवलेली आजन्म मर्यादा आहे लिटरला २ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅममध्ये दहा लाख मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम टीएनटी पाच लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. आपल्या सोसायट्यांच्या फाटकातून आत येणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरचा असतो. तसे पन्नास टँकर, एका ग्रॅमला. आणि एका मोठ्या तोफगोळ्यात हेच टीएनटी साडेसहा किलोच्या आसपास भरलेलं असतं.

हळद आणि खडीसाखर

टीएनटीचा जन्म स्फोटक म्हणून झाला नाही, हे वर्गात सांगितलं की मुलांना खरं वाटायचं नाही. १८६३ साली युलियस विलब्रांड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं आणि पुढे बरीच वर्षं त्याची ओळख पिवळा रंग एवढीच होती. ते सहजासहजी फुटत नाही. ८० अंश सेल्सिअसला मेणासारखं वितळतं, म्हणून गोळ्यात ओतायला सोपं. त्याचा पिवळेपणा मात्र गेला नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या कारखान्यांत गोळे भरणाऱ्या बायकांची कातडी आणि केस पिवळे पडायचे. लोक त्यांना पिवळ्या कॅनरी पक्ष्याच्या नावाने हाक मारायचे. त्यातल्या कितीतरी जणींची यकृतं निकामी झाली. पिवळा रंग कातडीवर थांबला नव्हता. कातडीतूनच तो आत गेला होता.

हा पिवळेपणा समजून घ्यायला माझ्या स्वयंपाकघरातली हळद मला फार उपयोगी पडली आहे. हळदीला चुना लावला की लाल होते, कुंकू असंच करायचे. टीएनटीही अल्कलीच्या, म्हणजे चुन्यासारख्या पदार्थाच्या, संगतीत लाल होतं. दोन्हींची आतली रसायनं अगदी वेगळी आहेत, तरी डोळ्यांना दिसतं ते सारखंच. याच लालीचा उपयोग करून मातीत टीएनटी आहे का, ते जागेवर तपासतात: माती अ‍ॅसिटोनमध्ये ढवळायची, गाळायची, अल्कली घालायची. पाणी लाल झालं तर माल आहे. आणि गोळे भरण्याच्या कारखान्यांतून निघणारं टीएनटीचं सांडपाणी उन्हात ठेवलं की गुलाबी होतं. जगभर त्या पाण्याला ‘गुलाबी पाणी’ असंच नाव पडलं आहे. ऊन टीएनटीचा रेणू मोडतं खरं, पण त्याचे तुकडेही विषारीच असतात. रंग बदलला म्हणजे पाणी सुधारलं असं नाही.

आता मातीकडे येऊ. घरी एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. मलमलीचे दोन फडके घ्या. एकात हळकुंडाचा तुकडा बांधा, दुसऱ्यात खडीसाखरेचा खडा. दोन्ही बारीक धारेच्या नळाखाली धरा. खडीसाखर सावकाश विरघळते, पण एकदा विरघळली की फडक्यातून थेट आरपार जाते, मागे डागही नाही. हळदीचं उलट. पाणी पिवळसर येतं, पण बराचसा रंग फडक्यालाच धरून बसतो, आणि तो डाग पुढच्या दहा धुण्यांना जात नाही.

मातीत टीएनटी हळदीसारखं वागतं आणि आरडीएक्स खडीसाखरेसारखं. सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

१२ मार्च १९९३ नंतर आरडीएक्स हा शब्द मुंबईत प्रत्येक घराला माहीत झाला. २५७ माणसं त्या दिवशी गेली. तो शब्द उच्चारताना माझ्या पिढीच्या अंगावर अजून काटा येतो. पण रसायन म्हणून त्याच्याकडे बघायचं तर ते रंगहीन, वासहीन, पाण्यात फारसं न विरघळणारे पांढरे स्फटिक. लिटरभर पाण्यात टीएनटी साधारण १०० मिलिग्रॅम विरघळतं, आरडीएक्स ४० ते ६०. म्हणजे विरघळण्यात टीएनटी पुढे. मग जमिनीखाली लांबवर पसरायचं ते टीएनटीने पसरायला हवं. घडतं उलटं. जगात सरावाच्या मैदानांखालच्या भूजलात सर्वांत लांब गेलेलं सापडतं ते आरडीएक्स.

कारण विरघळणं ही अर्धीच गोष्ट. विरघळल्यावर वाटेत कोण अडवतं, हा दुसरा अर्धा भाग. टीएनटीच्या रेणूत कार्बनचं एक कडं असतं आणि त्यावर तीन नायट्रो गट, म्हणजे नायट्रोजनला ऑक्सिजन जोडलेले. मातीतले जिवाणू, विशेषतः हवा कमी असलेल्या ओल्या मातीत, एकेका नायट्रोवरचा ऑक्सिजन काढून घेतात आणि तिथे अमिनो गट, म्हणजे नायट्रोजनला हायड्रोजन जोडलेला, बनतो. हा अमिनो गट मातीतल्या कुजलेल्या पालापाचोळ्याशी, म्हणजे ह्यूमसशी, पक्का रासायनिक बंध बांधतो. हा बंध सहजी सुटत नाही. चांगल्या काळ्या, खतावलेल्या मातीत टीएनटी वीतभर खोल जाता जाता बऱ्याच प्रमाणात अडकून पडतं.

आरडीएक्सला अशी पकड मिळत नाही. चिकणमाती त्याला धरत नाही, ह्यूमस फारसं धरत नाही, आणि हवेशीर जमिनीत बहुतेक जिवाणू त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. खडा सावकाश विरघळत राहतो, वर्षानुवर्षं, आणि विरघळलेलं पाण्याबरोबर खाली चालत राहतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड भागात हेच झालं. तिथली जमीन रेताड, आणि लोकांचं पिण्याचं पाणी त्याच रेतीखालचं. वर कित्येक दशकं तोफांचा सराव चालला होता. शेवटी १९९७ साली तिथल्या पर्यावरण संस्थेने सराव थांबवायला लावला, आणि पुढे सुरू झालेलं, जमिनीखालचं पाणी उपसून कोळशातून गाळून परत सोडायचं काम अजून चालू आहे. आवाज थांबून वर्षं झाली, उपसा थांबलेला नाही.

एचएमएक्स हा या दोघांचा तिसरा भाऊ, रणगाडाभेदी अस्त्रांत लागतो. तो लिटरला जेमतेम ५ मिलिग्रॅम विरघळतो, म्हणून जिथे पडतो तिथेच वरच्या थरात बसून राहतो. त्याच्याबद्दल एवढं पुरे.

मुंबईची जमीन

पाठ्यपुस्तकात ‘माती’ असा शब्द येतो तेव्हा मला नेहमी विचारावंसं वाटतं, कुठली माती? आपल्या शहराखाली काळा पत्थर आहे, दख्खनचा बेसाल्ट. त्याच्यावर मुरूम, आणि त्याच्यावर मातीचा पातळ थर. ठाण्याकडे किंवा बोरिवलीकडे कुठे इमारतीचा पाया खणत असतील तर क्षणभर थांबून बघा. वर हातभर तांबूस माती, खाली ठिसूळ पिवळट मुरूम, त्याखाली काळा दगड आणि त्या दगडात उभ्या-आडव्या भेगा. त्या भेगांत पाणी चकाकताना दिसतं. आपल्याकडचं भूजल त्या भेगांतून चालतं. रेतीतून ते थेंबाथेंबाने गाळत जातं, भेगेतून पळतं. मुरमात ह्यूमस जवळजवळ नाही. म्हणजे हळदीचा डाग धरायला फडकं हवं, ते फडकंच पातळ. आणि वरून वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत ओतला जाणारा.

आपलं पिण्याचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा लांबच्या धरणांतून येतं, ही त्यातली मोठी दिलाशाची बाब. पण उन्हाळ्यात टँकर जिथे भरतात त्या विहिरी आणि कूपनलिका याच दगडातल्या आहेत. त्या भेगांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

किनाऱ्यावरची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. शिवडीच्या किंवा ऐरोलीच्या खाडीकाठी ओहोटीला उभं राहिलं की तिवरांच्या मुळांतून कुजकट अंड्याचा वास येतो. पाय रुतला तर घोट्यापर्यंत काळा चिखल. या चिखलात वरच्या काही मिलिमीटरांखाली ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू श्वास घ्यायला ऑक्सिजनऐवजी नायट्रेट, लोह, सल्फेट वापरतात, आणि तो वास त्या सल्फेटचाच झालेला हायड्रोजन सल्फाइड असतो. हवेशीर मातीत वर्षानुवर्षं टिकणारं आरडीएक्स अशा प्राणवायूविरहित गाळात कितीतरी लवकर मोडतं. जिवाणू त्याच्या नायट्रोंना हात घालतात, कडं उसवतं, आणि शेवटी छोटे रेणू उरतात. ज्या चिखलाकडे आपण नाक मुरडून बघतो, आणि ज्याच्यावर भराव टाकायला नेहमी कुणीतरी तयार असतं, तो चिखल फुकटात शुद्धीकरणाचं काम करत असतो. तिवरं तोडणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

खदाणी आणि फटाके

तोफगोळे आपल्यापासून लांब आहेत. दगड फोडायचे सुरुंग मात्र लांब नाहीत. मुंबईची घरं ज्या खडीवर उभी आहेत ती पारसिकच्या डोंगरांतून, तुर्भ्यातून, वसई-विरारकडून आली. उलव्याची टेकडी विमानतळासाठी सुरुंगांनीच फोडली. आज दगडाच्या सुरुंगात टीएनटीपेक्षा अमोनियम नायट्रेटचा वाटा कितीतरी मोठा आहे. शंभरात चौऱ्याण्णव भाग अमोनियम नायट्रेट आणि सहा भाग डिझेल, एवढं साधं ते मिश्रण. हेच अमोनियम नायट्रेट २,७५० टन, वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं, बैरुतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी उडालं तेव्हा मला आजीचं चहाचं भांडं आठवलं.

अमोनियम नायट्रेट पाण्यात इतकं विरघळतं की लिटरभर पाणी दीड किलोहून जास्त पोटात घेतं. सुरुंगाच्या भोकात पाणी असलं की माल भिजतो, नीट फुटत नाही, आणि नायट्रेट खडीबरोबर, खदाणीतल्या डबक्याबरोबर बाहेर येतं. म्हणून ओल्या भोकांसाठी वेगळी, पाणी न शोषणारी स्फोटकं वापरतात. गोण्या उघड्यावर सांडल्या, उरलासुरला माल तिथेच टाकला, तर पहिल्या पावसात तो ओढ्यात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. त्याहून जास्त झालं तर धोका सर्वांत आधी तान्ह्या बाळांना असतो. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं. शहरात नायट्रेटचा मोठा वाटा सांडपाण्याचाच असतो, सगळं सुरुंगांच्या माथी मारणं खोटं ठरेल. पण बंद पडलेल्या खदाणीत साठलेल्या हिरव्यागार पाण्यात पोरांना पोहायला, टँकरला भरायला देण्याआधी ते पाणी तपासून घ्यावं, एवढं मी आवर्जून सांगेन.

आता फटाके. यात दोन गोष्टी बघायच्या, बेरियम आणि परक्लोरेट. हिरव्या रंगासाठी आणि फुलबाज्यात बेरियम नायट्रेट वापरायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांतल्या बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली. विरघळलेलं बेरियम विषारी. पण त्याला सल्फेट भेटलं की ते लगेच पांढरा, न विरघळणारा साका होऊन खाली बसतं. हाच साका एक्स-रेच्या आधी पेशंटला प्यायला देतात आणि तो पोटातून जसाच्या तसा निघून जातो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून समुद्रात पोचलेलं बेरियम फार काळ मोकळं राहत नाही. श्वासातून गेलेल्याला मात्र ही सोय नाही.

परक्लोरेट वेगळं. ते फटाक्याला ऑक्सिजन पुरवतं. मातीला चिकटत नाही, साका होत नाही, उडून जात नाही, पाणी नेईल तिकडे जातं. शरीरात ते थायरॉइड ग्रंथीत जाणाऱ्या आयोडीनची वाट अडवतं, आणि म्हणून गरोदर बाईच्या पाण्यात ते नको. ओक्लाहोमातल्या एडा गावाच्या तळ्यावर २००४ ते २००६ अशी तीन वर्षं आतषबाजीच्या आधी आणि नंतर पाणी तपासलं गेलं. आतषबाजीनंतर काही तासांत परक्लोरेट नेहमीच्या पातळीच्या चोवीसपट ते हजारपट वाढलेलं सापडलं. आणि मग वीस ते ऐंशी दिवसांत पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आलं. तळ्यातले जिवाणू ते खाऊन टाकत होते, आणि पाणी जितकं उबदार तितक्या लवकर.

मला यातली दुसरी ओळ पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. निसर्ग हे काम करतो, पण त्याला वेळ लागतो, आणि जिवाणू लागतात, जे विहिरीच्या स्वच्छ, थंड, हवेशीर पाण्यात पुरेसे नसतात. आपल्याकडे आणखी एक फरक आहे. दिवाळी पाऊस संपल्यावर येते. जे झाडून कचऱ्यात गेलं ते गेलं, गटाराच्या कडेला, गच्चीच्या कोपऱ्यात, बागेच्या मातीत राहिलं ते जूनपर्यंत तिथेच. गणपतीतले फटाके मात्र भर पावसात फुटतात आणि त्यांचा उरलेला माल त्याच रात्री तळ्यात किंवा खाडीत पोचतो.

समुद्राचा विषय निघालाच आहे तर युरोपचं उदाहरण सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर नको असलेला दारूगोळा सरळ समुद्रात फेकायची पद्धत होती. एकट्या जर्मनीच्या बाल्टिक आणि उत्तर समुद्रातल्या हद्दीत सुमारे १६ लाख टन पडला आहे असा अंदाज आहे. ऐंशी वर्षांत पत्रे गंजले. कील शहराजवळ अशा टाकून दिलेल्या पाणसुरुंगांच्या शेजारी शिंपल्यांच्या पिशव्या मुद्दाम टांगून ठेवल्या, आणि काही महिन्यांनी त्या शिंपल्यांच्या मांसात टीएनटी आणि त्यापासून बनलेली अमिनो संयुगं सापडली. समुद्र मोठा आहे, पाणी पातळ करतं, हे खरं. पण शिंपला पाणी गाळून जगतो. सुरुंगाशेजारच्या शिंपल्याला मोठा समुद्र काय कामाचा?

शेणखताचा ढीग

आता मला ज्याचं सर्वांत अप्रूप वाटतं ते. टीएनटीने बरबटलेली माती स्वच्छ कशी करतात?

पूर्वी सरळ भट्टीत जाळत. माती खणायची, भाजायची, राख टाकायची. खर्च प्रचंड, आणि माती मरते. अमेरिकेत ओरेगन राज्यात उमॅटिला नावाचा दारूगोळ्याचा डेपो होता. तिथे जुने बॉम्ब गरम पाण्याने धुऊन रिकामे करत आणि ते पाणी उघड्या खड्ड्यांत सोडत. खड्ड्याखालची माती स्फोटकांनी भरली. १९९०च्या दशकात तिथे ती माती शेण, कोंबड्यांची विष्ठा, चारा, लाकडाचा भुसा आणि बटाट्याचा टाकाऊ भाग यांच्यात मिसळून लांबच लांब ढीग लावले आणि यंत्राने रोज उलथेपालथे केले. ढीग आतून तापले, जसा आपला शेणखताचा उकिरडा हिवाळ्यात सकाळी वाफाळतो तसे. काही आठवड्यांत त्यातलं टीएनटी जवळजवळ दिसेनासं झालं.

गेलं कुठे? मघाशी सांगितलेला हळदीचा डागच. ढिगात ह्यूमस भरपूर, जिवाणू कोट्यवधी, मधे मधे हवा नसलेले कप्पे. नायट्रोचे अमिनो झाले आणि अमिनो ह्यूमसला कायमचे बांधले गेले. जे काम पातळ मुरूम करू शकत नाही ते शेणाने केलं. माझे आजोळ संगमेश्वरचं. मामा खताच्या ढिगात हात घालून “मुरलंय” म्हणायचा, त्याच्या त्या एका शब्दात केवढं रसायनशास्त्र होतं ते मला उमॅटिलाबद्दल वाचताना कळलं.

आरडीएक्ससाठी वेगळी युक्ती लागते. हातबॉम्बच्या सरावाच्या मैदानावर चुना पसरतात. अल्कलीत आरडीएक्सचं कडं मोडतं. लोखंडाचा कीस भरलेल्या चरातून दूषित भूजल वाहू दिलं तरी लोखंड गंजता गंजता आरडीएक्स मोडून टाकतं. आणि इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी स्फोटकांनी दूषित मातीतूनच एक जिवाणू शोधला, रोडोकॉकस, जो आरडीएक्स खाऊन त्यातला नायट्रोजन वापरतो. मग त्याची ती जनुकं गवतात घातली. साधं झाड आरडीएक्स मुळातून वर ओढून पानात साठवतं, आणि ते पान जनावराने खाल्लं की प्रश्न तिथेच. या गवताने ते ओढलं आणि मोडलं. २०२१ साली सरावाच्या खऱ्या मैदानावरच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले, आणि ते चांगले होते.

झाडांचा मुद्दा मी मुद्दाम इथपर्यंत आणला, कारण मागच्या दिवाळीला आमच्या सोसायटीत तो अगदी दारात आला. शिकवणीला येणारी चार मुलं वॉचमनकडून बादली घेऊन आली. न फुटलेले फटाके पाण्यात भिजवा, म्हणजे पुन्हा पेटणार नाहीत, असं मीच त्यांना सांगितलं होतं, आणि ते बरोबरच आहे. त्यांनी अर्धी बादली भरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद सुटून वर तरंगत होते, तळाशी करडा गाळ, आणि पाण्यावर चंदेरी तवंग. सातवीतला एक मुलगा बादली उचलून अंगणातल्या तुळशीवृंदावनाकडे निघाला. पाणी वाया कशाला घालवायचं, असं त्याच्या घरी शिकवलेलं.

मी त्याला हाक मारली. परक्लोरेट पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं आणि झाडं ते मुळांतून घेऊन पानांत साठवतात, हे त्याला तिथेच उभ्याउभ्या सांगितलं. त्या तुळशीची पानं सकाळी चहात पडतात हेही सांगितलं.

“मग बाई, विहिरीजवळच्या गटारात ओतू?”

“तिथे तर मुळीच नको. ते झिरपून विहिरीतच येईल.”

कागद आणि गाळ आम्ही गाळून वर्तमानपत्रावर पसरला, अजून ओला असतानाच पिशवीत बांधला आणि सफाईवाल्या काकांना आत काय आहे ते सांगून वेगळा दिला. पाणी मोरीतून मैलापाण्याच्या नळीत गेलं. तिथे निदान ते कुणी पिणार नाही, आणि तिथल्या काळ्या, बिनहवेच्या गाळात ते मोडणारे जिवाणू असतात. मुलाने बादली तीनदा विसळली आणि तिन्ही वेळा विसळलेलं पाणी घेऊन तो मोरीपर्यंत चालत गेला.